स्पेसर घालण्याआधी नटाचे फेरे मोजा

प्रश्न : माझ्याकडे छोटी हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह. कंपनीच्याच १४ इंची लोखंडी रिम आहेत (५.५जे, म्हणजे साडेपाच इंच रुंद; ईटी ४५, म्हणजे रिमची गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेर; पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड) आणि टायर १७५/६५. चाकं मडगार्डच्या आत खोल बसलेली दिसतात, मागून बघितलं की गाडी अगदीच अरुंद वाटते. शिवाय हायवेवर नव्वद-शंभरला वाऱ्याचा झोत आला की ती हलते. मेकॅनिक म्हणतो, १५ मिमीचे साधे स्पेसर (चाक बाहेर यावं म्हणून रिम आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, यांच्यामध्ये घालायच्या धातूच्या चकत्या) चारही चाकांना घालू, आहेत त्याच स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, नट बसतो ते बोल्ट) बसतील. मित्राकडे २५ मिमीचे, स्वतःचे स्टड असलेले स्पेसर पडून आहेत, ते तो असेच द्यायला तयार आहे. महिन्यातून दोनदा आई-वडील, बायको, मुलगी आणि सामान घेऊन लांबचा प्रवास होतो. स्पेसर घालू की नको? घालायचे तर कोणते?

उत्तर : मेकॅनिकने सुचवलेले १५ मिमीचे स्पेसर आहेत त्या स्टडवर अजिबात घालू नका. मित्राचे २५ मिमीचेही तुमच्या लोखंडी रिमखाली बसवायचे नाहीत. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. ती नीट समजून घेतलीत तर पुढे कोणी ‘दहाचे टाका, काही होत नाही’ म्हणाला तरी तुम्हाला स्वतःला पडताळून पाहता येईल.

पहिलं कारण तुम्ही आज घरीच तपासू शकता. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. चाक जमिनीवरच असू द्या आणि एकाच चाकाचा एकच नट पूर्ण काढा. तो पुन्हा हाताने बसवा. आटा पकडल्या क्षणापासून नट रिमला टेकेपर्यंत किती फेरे झाले, ते मोजा. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना एम१२ स्टड असतो, म्हणजे १२ मिमी जाडीचा. आट्यांमधलं अंतर १.५ मिमी किंवा १.२५ मिमी असतं. सर्वसाधारण नियम असा, की स्टडच्या जाडीइतकी तरी लांबी नटात शिरायला हवी. १.५च्या आट्याला १२ मिमी म्हणजे ८ पूर्ण फेरे, १.२५च्या आट्याला जवळपास पावणेदहा.

समजा तुमच्या गाडीचे आटे १.५चे आहेत आणि तुम्ही ११ फेरे मोजलेत. ३ मिमीचा स्पेसर घातला तर त्यातले २ फेरे जातात, ९ उरतात. चालेल. ५ मिमीचा घातला तर सव्वातीन-साडेतीन फेरे जातात, उरतात साडेसात-पावणेआठ. इथेच आपण मर्यादेच्या खाली आलो. आणि १५ मिमीचा? त्यात १० फेरे जातात. ११ मधून १० गेले तर नट एका आट्यावर लटकतो. तुमच्या गाडीचे स्टड थोडे लांब निघाले आणि १४ फेरे भरले, तरी चारच उरतील. नट घट्ट झाल्यासारखा हाताला लागेल, पाना कटकन वाजेलही, आणि नेमकी तीच फसगत आहे. चार आट्यांवरचा नट उभ्या गाडीत घट्टच वाटतो.

चाक हबला कशाने धरलेलं असतं, हे एकदा डोळ्यासमोर आणा. स्टडवर चाक लोंबकळत नसतं. नट आवळल्यावर स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण गाडीचं वजन, ब्रेक आणि वळणाचा जोर सगळं पेलतं. एम१२चा कोरडा, स्वच्छ नट १०० न्यूटन-मीटरला आवळला की साधारण ४० किलोन्यूटनचा दाब तयार होतो, म्हणजे एका नटामागे चार टनांच्या आसपास. चार नटांचे मिळून सोळा टन. हा दाब आहे तोवर स्टडला आडवा मार बसत नाही. आटे कमी असले, की दाब त्या थोड्या आट्यांवर एकवटतो, ते दबतात, सरकतात आणि ताण ढिला पडतो. मग रिम हबवर केसभर हलायला लागते, प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. ताशी ९० किलोमीटरला तुमचं चाक मिनिटाला आठशेहून जास्त फेरे घेतं. असा तुटलेला स्टड हातात घेऊन पाहिला तर तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत दिसतो, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी असतात, आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. कमानींचा भाग हळूहळू चिरत गेलेला, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. म्हणजे स्टड बरेच दिवस तुटत होता आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

‘लांब स्टड टाकून घेऊ’ हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण कामाला मोठा आहे. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्या मानेवर बारीक दाते असतात. त्या दात्यांचा व्यास मिलीमीटरच्या दशांशापर्यंत जुळला पाहिजे, नाहीतर नट आवळताना स्टड जागच्या जागी फिरतो. बऱ्याच गाड्यांत मागे जागा नसल्याने हब उतरवावा लागतो. हातोडा मारून स्टड काढले-घातले तर तोच मार बेअरिंगला बसतो. दिसण्यासाठी एवढा खटाटोप करावा असं आम्हाला वाटत नाही.

आता मित्राचे २५ मिमीचे. हा स्पेसर आधी तुमच्या स्टडवर त्याच्या स्वतःच्या नटांनी आवळतात आणि मग रिम त्या स्पेसरच्या स्टडवर बसते. आट्यांचा प्रश्न इथे सुटतो, पण दुसरा उभा राहतो. तुमच्या हबचे मूळ स्टड साधारण २५ ते ३० मिमी बाहेर असतात. स्पेसर त्याहून पातळ असेल, तर त्यांची टोकं स्पेसरच्या तोंडाबाहेर डोकावतात. अलॉय रिमच्या मागच्या बाजूला अनेकदा नटांच्या मधे खोलगट खाचा असतात, टोकं त्यांत सामावतात. लोखंडी रिम पत्र्याची दाबून केलेली असते, तिला अशा खाचा नसतात. शिवाय ती हबला पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाही, ठरावीक उंचवट्यांवरच टेकते. एखादं टोक अर्धा मिलीमीटर जरी पुढे असलं तरी रिम त्यावर टेकते, नट आवळताना पत्रा वाकतो, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) बरोबर आकडा दाखवतो आणि पन्नास किलोमीटरनंतर नट सैल सापडतात. यावर काही ठिकाणी मूळ स्टडची टोकं ग्राइंडरने कापून देतात. तसं करू देऊ नका. पुढे कधी स्पेसर काढलात तर मूळ चाकालाही पुरेसे आटे उरणार नाहीत.

‘पडून असलेले’ स्पेसर म्हटलं की आणखी एक शंका येते. ते कोणत्या गाडीचे आहेत? पीसीडी ४×१०० जुळला म्हणजे झालं असं नाही. हबच्या मधोमध जो गोल ओठ असतो, त्यावर रिम मध्यात बसते. ४×१००च्या गाड्यांत हा व्यास एकसारखा नाही, अनेक टोयोटा, सुझुकी, ह्युंदाईंना ५४.१ मिमी, होंडाला ५६.१, रेनोला ६०.१. ६०.१चा स्पेसर ५४.१च्या हबवर सहज चढतो, पण मध्यात बसेलच असं नाही. तीन मिलीमीटर इकडे-तिकडे व्हायला वाव राहतो आणि ८० ते १००च्या वेगात स्टीअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात आणि चाकात काहीच सापडत नाही.

इथवर फक्त जोडणीचं झालं. जोडणी अगदी निर्दोष केली, तरी चाक बाहेर गेल्याचे परिणाम उरतातच. त्याबद्दल खरं आणि खोटं इतकं मिसळून सांगितलं जातं की ते वेगळं करायला हवं.

खोटं आधी सांगतो. स्पेसरमुळे ड्राइव्ह शाफ्टवर किंवा त्याच्या जॉइंटवर ताण येतो, ही समजूत चुकीची आहे. हब जिथे होता तिथेच राहतो, त्यामुळे शाफ्टचा कोन बदलत नाही. टो (चाकाची पुढची बाजू आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) यांचे कोनही बदलत नाहीत, म्हणून स्पेसर घातल्यावर अलाइनमेंट केलीच पाहिजे असं नाही.

बदलतो तो स्क्रब रेडियस. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला कुठेतरी टेकतो. तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य यांतलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ते मुद्दाम कमी, अनेकदा उणे (म्हणजे तो बिंदू टायरच्या मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला) ठेवलेलं असतं. १९७२च्या ऑडी ८०पासून या मांडणीचा प्रसार झाला. उणे असण्याचा फायदा असा, की ब्रेक मारताना एका बाजूचं चाक वाळूवर आणि दुसऱ्या बाजूचं कोरड्या डांबरावर असेल, तर स्टीअरिंग आपोआप किंचित उलट बाजूला वळून गाडी सरळ ठेवायला मदत करतं. या गाड्यांचे ब्रेक तिरके जोडलेले असतात, एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं. एक जोडी निकामी झाली तरी गाडी गरकन फिरू नये, याचीही काळजी त्यात असते. तुम्ही २५ मिमीचा स्पेसर घातलात की हे अंतर बरोबर २५ मिमीने धन दिशेला सरकतं. उणे दहा असेल तर धन पंधरा होतं. आता त्याच अर्धवट वाळूच्या रस्त्यावर स्टीअरिंग जास्त पकड असलेल्या चाकाकडे ओढतं, म्हणजे जी मदत होती तिचाच अडथळा होतो. खड्ड्याचा हिसका हातापर्यंत येतो, रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी धावते. कुटुंबासह लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने पुढच्या चाकांना जाड स्पेसर घालू नयेत, याचं आमच्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण आहे.

बेअरिंगचं गणित सोपं आहे. एका चाकावर ३०० किलो भार धरला तर १५ मिमी बाहेर सरकल्याने बेअरिंगला साधारण ४५ न्यूटन-मीटरची जादा पिळवट मिळते, २५ मिमीला ७५च्या आसपास. ही उभ्या गाडीतली, खड्ड्यात ती कितीतरी पटींनी वाढते. तीन-पाच मिमीने बेअरिंग जातं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पंचवीसने त्याचं आयुष्य कमी होतं, आणि आधीच घरघर करणारं असेल तर लवकर जातं. मात्र एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. ईटी ४५ऐवजी ईटी २०ची रिम घातलीत तरी बेअरिंग आणि स्टीअरिंगवर हाच परिणाम होईल. रिम बदलून वाचतो तो फक्त मधला जादा जोड.

आता जागेचं मोजमाप. मडगार्डच्या काठावरून, चाकाच्या बरोबर मध्यावर, ओळंबा सोडा. दोऱ्याला नट बांधलात तरी काम होतं. दोऱ्यापासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं आडवं अंतर चारही चाकांना वेगवेगळं मोजा. डावी-उजवी बाजू ४-५ मिमीने वेगळी निघाली तर दचकू नका, हे नेहमीचं आहे, हिशोब कमी असलेल्या बाजूचा धरायचा. पण हे माप रिकाम्या गाडीचं. तुमच्या गाडीत पाच माणसं आणि सामान असतं, आणि तेव्हा मागची बाजू बरीच बसते. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर चाक जवळपास सरळ वर जातं, वरचा भाग आत झुकत नाही, आणि टायरचा खांदा मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याच्या कडेला लागतो. ती कडा सुरीसारखी असते. टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली चकचकीत रेघ दिसली तर समजा, घासायला सुरुवात झाली आहे. म्हणून घरच्यांना बसवून, डिकी भरून पुन्हा मोजा. पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मागच्या प्लास्टिक अस्तराजवळ आणि बंपरच्या कोपऱ्याजवळ पाहा, एक चाक उतारावर चढवून सस्पेन्शन दाबलेलं असताना.

वाऱ्याने गाडी हलण्याला स्पेसर हा इलाज नाही. तुमच्या वर्गातल्या गाडीची दोन चाकांमधली रुंदी साधारण १४५० मिमी असते. १५-१५ने ती १४८० झाली, म्हणजे वळणावर एका बाजूवरून दुसरीकडे जाणारा भार फार तर दोन टक्क्यांनी कमी झाला. ड्रायव्हरला तो जाणवणं कठीण. झोत आल्यावर गाडी सरकून पुन्हा सरळ होत असेल, तर हलक्या आणि उंच गाडीचा तो स्वभावच आहे. एकदा हलून मागाहून दोन-तीन वेळा डुलत असेल, तर शॉक अब्सॉर्बर थकले आहेत. मागचा भाग शेपटीसारखा उशिरा येत असेल तर मागच्या बीमचे रबरी बुश पाहा. टायरचा दाब थंड असताना, आणि भरलेल्या गाडीसाठी दाराच्या पट्टीवर दिलेला जो वेगळा आकडा आहे, तो धरून तपासा. बहुतेक जण रिकाम्या गाडीचाच दाब ठेवून पाच माणसं नेतात. टायरच्या बाजूवरच्या तारखेचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्पेसरला जो खर्च कराल, तो या कामांवर केलात तर हायवेवर फरक त्याच दिवशी कळेल.

राहिला प्रश्न दिसण्याचा, आणि तो आम्ही हलक्यात घेत नाही. रोज जी गाडी बघायची ती छान दिसावी असं वाटण्यात काही गैर नाही. तुमच्यासाठी योग्य मार्ग रिम बदलण्याचा आहे. ५.५जे ईटी ४५च्या जागी ६जे ईटी ४०ची १४ इंची अलॉय रिम घेतलीत तर काय होतं पाहा. रिम अर्ध्या इंचाने, म्हणजे १२.७ मिमीने रुंद, दोन्ही बाजूंना ६.३५. त्यात ईटीचे ५ मिमी बाहेरच्या बाजूला मिळतात. रिमची कडा ११ मिमीहून थोडी जास्त बाहेर येते, आत जेमतेम दीड मिलीमीटर जाते. १७५/६५चा टायर ६जेवर बसतो आणि त्याची बाजू जरा ताठ होते. टायरचा फुगवटा स्वतः मात्र ७-८ मिमीच बाहेर येतो, तेव्हा ओळंब्याच्या हिशोबात तो आकडा धरा आणि रिमची कडा टायरच्या आत राहते ना, तेही पाहा. चाकाचा मध्य फक्त ५ मिमी सरकला, म्हणून स्टीअरिंगच्या स्वभावात विशेष फरक नाही. नवीन रिमचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची मध्य-रिंग घ्या. नटाची बैठकही तपासा. शंकूची बैठक आणि गोलाकार बैठक दिसायला जवळची, पण एकीचा नट दुसरीत बारीक कडेवरच टेकतो आणि सैल होतो.

रिम बदलल्यावर ती आतून स्ट्रटला (शॉक अब्सॉर्बरचा खांब) किंवा कॅलिपरला (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) घासत असेल, मधे ५ मिमीही जागा नसेल, तर ३ मिमीचा स्पेसर घालणं रास्त आहे, अर्थात फेरे पुरत असतील तरच. तो तुमच्याच पीसीडीचा, नेमक्या भोकाचा, मशीनवर कापलेला अॅल्युमिनियमचा असावा. चार प्रकारच्या पीसीडीसाठी लांबट भोकं पाडलेले ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ ओतीव स्पेसर नकोत, कारण भोकांभोवती दाबाला धातूच उरत नाही. जाड रंग लावलेलेही नकोत. रंग दबून निघतो आणि तेवढा नट ढिला पडतो. दोन स्पेसर एकावर एक, किंवा स्टडवर वॉशर घालून केलेला जुगाड, ही दोन्ही कामं कोणी सुचवली तर तिथून गाडी घेऊन निघा.

बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी चाक तिरकं बसतं. डिस्कवर स्क्रूचं डोकं किंवा स्टडवर कारखान्यात घातलेली पातळ पत्र्याची क्लिप वर आलेली असेल तर क्लिप काढून टाका आणि स्क्रूला स्पेसरमध्ये खाच आहे का पाहा. स्पेसर नुसता हाताने धरून बोट फिरवा, कुठे डुगडुगतो का. आट्यांना आणि टेकणाऱ्या पृष्ठभागांना तेल-ग्रीस लावायचं नाही. तेलकट आट्यावर तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरमध्ये असतो. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नका. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर गार चाकांना पुन्हा टॉर्क रेंच लावा. एखादा नट पाव फेरा फिरला तर नुसता आवळून सोडून देऊ नका, चाक काढून कारण शोधा. आणि हा बदल विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

एक शेवटचं, स्टेपनीबद्दल. तुमची स्टेपनी जुनी लोखंडी रिमच राहणार. नवीन अलॉयचे नट तिच्या बैठकीला जुळतीलच असं नाही, म्हणून जुन्या नटांचा एक संच पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा. पंक्चर झाल्यावर ३ मिमीचा स्पेसर घातलेला असेल तर तो काढून स्टेपनी थेट हबवर लावा, आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही हे एकदा प्रत्यक्ष चाक काढून दाखवा.